माइक, भिंती आणि इतिवृत्त

नगरपरिषदेच्या नव्या इमारतीतले सभागृह बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी बांधलेले असते. तरीही त्याची ध्वनी-दृश्य यंत्रणा अंदाजपत्रकात बहुधा शेवटच्या पानावर, फर्निचरच्या खाली, एका ओळीत उरकलेली दिसते: ‘माइक, स्पीकर, पडदा व अनुषंगिक साहित्य, एकरकमी’. त्या ओळीत नेमके काय असावे याबद्दल कार्यालयातच दोन मते असतात. एक मत नगर अभियंत्याचे. त्यात यंत्र, तार आणि मोजमाप यांचा विचार असतो. दुसरे सभा अधीक्षकाचे. विषयपत्रिका काढणे, ठराव उतरवून घेणे, इतिवृत्त लिहिणे यांत त्याची नोकरी गेलेली असते, आणि कोणता सदस्य माइकशी कसा वागतो हे त्याला पाठ असते. पुढच्या संवादात ही दोन मते समोरासमोर ठेवली आहेत. अभियंता तरुण आहेत, कार्यालयात त्यांना मॅडम म्हणतात. अधीक्षक निवृत्तीला आलेले, सगळ्यांचे भाऊसाहेब. सभागृह मध्यम शहराचे धरले आहे: १५ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच, तीस-पस्तीस सदस्य, बाजूला अधिकाऱ्यांच्या खुर्च्या, मागे प्रेक्षक सज्जा.

पहिला मतभेद वेळेचा. “मॅडम, आधी इमारत उभी राहू द्या, रंग होऊ द्या,” भाऊसाहेब म्हणतात. “माइक काय, आदल्या आठवड्यातही आणता येतात. शिवाय ही यंत्रं बघता बघता जुनी होतात. आत्तापासून कशाला अडकायचं?”

“यंत्रं शेवटीच घेऊ, भाऊसाहेब. पण त्यांच्या तारांना वाट आत्ताच ठेवली पाहिजे. फरशी बसल्यावर प्रत्येक टेबलापाशी तार न्यायची म्हणजे एक तर कोरी फरशी फोडा, नाही तर चिकटपट्टी मारून वरून न्या. मग पहिल्याच सभेत कुणीतरी तिच्यात पाय अडकून पडतं.”

इथे अभियंत्यांची बाजू वादातीत आहे. स्लॅब आणि फरशी यांच्यामधल्या थरात यंत्रखोलीपासून प्रत्येक रांगेपर्यंत, व्यासपीठापर्यंत, छतापर्यंत, पडद्यांच्या जागांपर्यंत आणि सज्जापर्यंत पाइप टाकावे लागतात. प्रत्येक मार्गावर एक पाइप रिकामा ठेवून त्यात ओढतार सोडून ठेवली, की पुढच्या दहा वर्षांत येणाऱ्या यंत्रांनाही जागा होते. माइकच्या तारा विजेच्या पाइपातून नेऊ नयेत. माइकचा विद्युतसंदेश काही मिलिव्होल्टचा असतो. शेजारून २३० व्होल्टची तार गेली तर ५० हर्ट्झची घरघर त्यात उतरते आणि ती नंतर कोणत्याही मिक्सरवर नीट साफ होत नाही. चित्राचेही तसेच. साधी एचडीएमआय केबल दहाएक मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे दोन्ही टोकांना परिवर्तक लावून नेटवर्क केबलवरून चित्र १०० मीटरपर्यंत नेता येते. म्हणजे पाइपात आज नेटवर्क केबल घातलेली चालते, तिच्या टोकाला कोणते यंत्र लावायचे हे उद्घाटनाच्या सुमारास ठरले तरी बिघडत नाही. यंत्रखोली मात्र जिन्याखालच्या अडगळीत नको. तिला सभागृहात डोकावणारी काच हवी, कारण कोण बोलायला उठले आहे हे न दिसता माइक चालवणारा माणूस आंधळेपणानेच बटणे दाबतो.

दुसरा मुद्दा भिंतींचा. तो भाऊसाहेबच काढतात. “आपल्या जुन्या सभागृहात दोन माइक होते, पण बोललेलं समजायचं. शेजारच्या तालुक्यात नव्या इमारतीत सभेला गेलो होतो. प्रत्येकापुढे माइक, आणि शब्द कळेल तर शपथ. सगळं घुमत होतं. जास्त माइक म्हणजे जास्त गोंधळ, एवढंच मला कळलं.”

“दोष माइकचा नाही, खोलीचा होता. जुन्या सभागृहाला सागवानी दारं होती, कौलांखाली तक्तपोशी होती आणि बारा खिडक्या सताड उघड्या. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.”

हे सहज बोललेले वाक्य ध्वनिशास्त्राच्या मुळाशी जाते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले एक व्याख्यानगृह इतके घुमत असे की तिथे शिकवणे अशक्य झाले होते. ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, आवाज विरायला किती वेळ लागतो हे तो मोजत बसे. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरात आहे: खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. उत्तर सेकंदांत, म्हणजे आवाज पूर्ण विरायला लागणारा वेळ. शोषण मोजायला सबाइनने जे एकक घेतले ते उघड्या खिडकीचे क्षेत्रफळच होते.

वर धरलेल्या सभागृहाला हे सूत्र लावून पाहता येते. घनफळ ९०० घनमीटर. चकचकीत फरशी, गिलावा केलेल्या भिंती, काचेची तावदाने यांचे शोषण नगण्य. माणसे आणि खुर्च्या धरून एकूण शोषण साधारण ५० चौरस मीटर येते. म्हणजे घुमण्याचा काळ जवळजवळ २.९ सेकंद. मराठी बोलणारा सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज उच्चारतो. अशा खोलीत प्रत्येक अक्षरावर आधीच्या दहा-बारा अक्षरांची सावली पडलेली असते. भाषणासाठी हा काळ ०.६ ते १ सेकंद असावा. त्यासाठी आणखी सव्वाशे-एकशेतीस चौरस मीटर शोषण मिळवायला हवे. छताचे क्षेत्रफळ १८० चौरस मीटर आहे. त्यावर सत्तर टक्के आवाज पिणाऱ्या खनिज-तंतूंच्या फरश्या लावल्या तर १२६ चौरस मीटर शोषण एकट्या छतातून मिळते आणि घुमण्याचा काळ साधारण ०.८ सेकंदावर येतो.

“पण वास्तुविशारदाच्या चित्रात ग्रॅनाइट आहे, काच आहे,” भाऊसाहेब अडचण काढतात. “नगराध्यक्षांना ते चित्र आवडलंय. भिंतींना कापडी पॅनेल लावा म्हटलं तर म्हणतील, हे काय सिनेमा थिएटर आहे?”

“भिंती त्यांच्या, छत आपलं. वर कोण बघतो? फक्त व्यासपीठासमोरची मागची भिंत तेवढी थोडी मागून घेऊ.”

“आणि फॉल्स सीलिंग तर अंदाजपत्रकात आहेच की.”

“आहे, पण सपाट जिप्समचं. ते दिसायला छान आणि ऐकायला भिंतीसारखंच.”

ही चूक फार ठिकाणी झालेली दिसते. फॉल्स सीलिंग केले की आवाजाचा प्रश्न मिटला असे गृहीत धरतात, पण रंग दिलेला सपाट जिप्सम बोर्ड बोलण्याच्या पट्टीतला आवाज जवळपास सगळा परतवतो. बोर्ड सच्छिद्र हवा, त्यामागे खनिज लोकर आणि मोकळी पोकळी हवी. किमतीतला फरक माइकच्या संचापुढे किरकोळ असतो. वातानुकूलन यंत्राची घरघर आणि खिडकीबाहेरच्या एसटी स्टँडचे हॉर्न यांचाही बंदोबस्त याच टप्प्यावर, जाड दुहेरी काच आणि हवेचे रुंद मार्ग वापरून करायचा असतो. जुन्या सभागृहाच्या उघड्या खिडक्या नव्या इमारतीत परत आणता येत नाहीत. बाहेरचा रस्ता तेव्हाचा राहिलेला नाही.

भिंतींवर दोघांचे एकमत होते, माइकवर होत नाही. अभियंत्यांचा आग्रह प्रत्येक सदस्यापुढे लवचिक मानेचा माइक, विनंतीचे बटण आणि मध्यवर्ती नियंत्रक यांचा. “सगळे माइक कायम चालू ठेवले तर शिट्टी वाजणारच,” त्या सांगतात. “चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनं उतरतो. एकाचे बत्तीस झाले की १५ डेसिबल गेले. म्हणून एका वेळी दोन किंवा तीनच चालू, बाकीचे रांगेत.”

“रांग कोण लावणार?”

“नियंत्रक. ज्यानं आधी बटण दाबलं तो आधी. आणि अध्यक्षांच्या युनिटवर अग्रक्रमाचं बटण असतं. ते दाबलं की बाकी सगळे बंद.”

“म्हणजे सभागृहातलं सगळ्यात महागडं बटण तेच,” भाऊसाहेब म्हणतात. “मॅडम, जुन्या सभागृहात विरोधी सदस्याला गप्प करायचं तर अध्यक्षांना घंटा वाजवावी लागायची. सगळे ऐकायचे, पेपरात यायचं. आता नुसतं बोट टेकवलं की माणूस हवेत ओठ हलवत राहील. आणि उद्या तो म्हणेल, माझा माइक मुद्दाम बंद केला. खरं असो की खोटं, इतिवृत्तात काय लिहू?”

ही हरकत यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नसते, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून घेतलेली यंत्रणा पहिल्या वादळी सभेतच बदनाम होते. बोलण्याची परवानगी देणे हा पीठासीन अधिकाऱ्याचा अधिकार आहे, आणि यंत्राने तो अधिकार फक्त अंमलात आणायचा असतो. तरीही घंटा आणि बटण यांत फरक राहतोच. घंटेचा वापर सर्वांना कळतो, बटणाचा कळत नाही. त्यावर उपाय तांत्रिकच आहे, आणि स्वस्त आहे. चांगले नियंत्रक कोणता माइक किती वाजता कोणत्या युनिटवरून चालू वा बंद झाला याची नोंद ठेवतात. ती नोंद सभेच्या कागदपत्रांना जोडायची, अग्रक्रमाचे बटण दाबले की सर्वांना ऐकू जाईल असा सूर वाजेल अशी व्यवस्था ठेवायची, आणि विनंत्यांची रांग पडद्याच्या कोपऱ्यात सगळ्यांना दिसू द्यायची. निविदेत हे तीन मुद्दे लिहिले नसतील तर पुरवठादार ते आपणहून देणार नाही.

बिनतारी माइकबद्दल भाऊसाहेबांना उत्साह नाही आणि अभियंत्यांनाही फारसा नाही. प्रेक्षक सज्जा आणि सादरीकरण यांसाठी दोन हातमाइक पुरतात. पस्तीस बिनतारी युनिटे म्हणजे पस्तीस बॅटऱ्या सभेआधी भारित करण्याचे काम. मतदानाची बटणे असलेली युनिटे घ्यावीत, असा प्रस्ताव पुरवठादाराकडून हमखास येतो. लोकसभेत स्वयंचलित मतनोंदणी १९५७ पासून आहे, पण तिथे शेकडो सदस्य मोजायचे असतात. पस्तीस हात मोजायला डोळे पुरेसे आहेत.

स्पीकरच्या बाबतीत मोठ्या आकाराचा मोह आवरावा लागतो. व्यासपीठाच्या दोन बाजूंना लग्नमंडपासारखे मोठे स्पीकर उभे केले की पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसतात आणि मागे सज्जात अस्पष्ट गलका पोहोचतो. छतात ठरावीक अंतराने बसवलेले लहान स्पीकर कमी आवाजात सगळीकडे सारखे ऐकू येतात, आणि माइकच्या डोक्यावरचा स्पीकर तो माइक चालू असताना आपोआप मंद करता येतो. सज्जाच्या स्पीकरना थोडा विलंब द्यावा लागतो. ध्वनीला १७ मीटर जायला सेकंदाचा विसावा भाग लागतो, आणि तेवढ्या फरकाने आलेला दुसरा आवाज कानाला वेगळा जाणवू लागतो.

पडद्याचा प्रश्न भाऊसाहेब एका वाक्यात मांडतात: “अर्थसंकल्पाचा तक्ता मागच्या रांगेतून वाचता आला पाहिजे, बाकी काय दाखवायचं ते दाखवा.” कसोटी म्हणून हे वाक्य उत्तम आहे. वाचण्याजोगा मजकूर असेल तर सर्वांत मागचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटींपेक्षा दूर नसावा, असा ढोबळ नियम आहे. ८५ इंची टीव्हीची उंची जेमतेम १.०६ मीटर, म्हणजे तो सहा-साडेसहा मीटरपर्यंतच कामाचा. १२ मीटरवरून वाचायचे तर २ मीटर उंचीचे चित्र हवे. देवनागरीत अट आणखी कडक होते, कारण अनुस्वार, रफार आणि वेलांट्या आधी पुसट होतात. रोमन अक्षरे दिसतात त्याच आकारात ‘नळ’ आणि ‘नाला’ यांची गल्लत होऊ शकते. एकच प्रचंड एलईडी भिंत उभारण्यापेक्षा सभागृहाच्या दोन बाजूंना आणि सज्जाखाली मिळून चार टीव्ही लावणे स्वस्त पडते, आणि एक बिघडला तर सभा थांबत नाही. आणखी एक गोष्ट बांधकामाशी संबंधित आहे: पडद्यासमोर पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारच्या सभेत कोणताही प्रोजेक्टर हरतो.

ऐकू कमी येणाऱ्यांचा विषय अभियंता काढतात तेव्हा भाऊसाहेब प्रथम तो बाजूला सारतात. “एवढ्या वर्षांत सज्जात श्रवणयंत्र लावून बसलेला एकही माणूस पाहिला नाही.”

“कारण आला तरी ऐकू येणार नाही, हे त्याला माहीत आहे. आणि सदस्यांचं काय? साठी उलटलेले किती आहेत?”

यावर भाऊसाहेब बोटे मोजतात आणि विषय परत घेतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती आणि माहितीची साधने सुलभ असणे ही शासनाची जबाबदारी आहे. फक्त उतार आणि लिफ्ट बांधून ती पुरी होत नाही. श्रवण-वेटोळे म्हणजे फरशीखाली खोलीभोवती फिरवलेली तार. तिच्यातून माइकचा संदेश वाहतो आणि ‘टी’ खटका असलेल्या श्रवणयंत्रात तो थेट उतरतो, मधला गोंगाट वगळून. ही तार फरशीआधीच टाकावी लागते. स्लॅबमधले लोखंड तिचे चुंबकीय क्षेत्र खाते, म्हणून आधी चाचणी घ्यावी. जमत नसेल तर अवरक्त किरणांवर चालणारे हेडफोन ठेवावेत. ‘टी’ खटका नसलेल्या यंत्रवाल्यांना नाही तरी त्यांचाच उपयोग होतो.

सर्वांत लांब चालणारा वाद ध्वनिचित्रमुद्रणाचा. सभेचे इतिवृत्त पुढच्या सभेत कायम करायला येते तेव्हा “मी असं बोललोच नव्हतो” हे वाक्य ठरलेले असते, आणि ते अधीक्षकांच्या अंगावर येते. त्यामुळे मुद्रणाला भाऊसाहेबांचा पाठिंबा असेल, असे वाटावे. तसे नाही.

“मुद्रण केलं तर लोक सभेत बोलणार नाहीत, कॅमेऱ्याशी बोलतील. आज दोन बाजूंचे सदस्य चहाच्या सुट्टीत तडजोड करून येतात. थेट प्रक्षेपण असेल तर कोणीही एक पाऊल मागे घेणार नाही.”

“तडजोड चहाच्या सुट्टीतच होते ना? तिथे कुठे कॅमेरा आहे? सभा लोकांना खुली आहे, सज्जा त्यासाठीच बांधलाय. ज्याला दुपारी काम सोडून येता येत नाही, त्यानं घरी पाहिलं तर काय बिघडलं?”

“अन् त्यातला वीस सेकंदांचा तुकडा कापून कुणी फिरवला तर?”

“तर पूर्ण मुद्रण आपल्याकडे आहे, हेच उत्तर. नसलं तर उत्तरच नाही.”

इथे दोन्ही बाजूंना तथ्य आहे, पण कायद्याचा कल स्पष्ट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये माहितीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री येते, आणि टेप वा व्हिडिओच्या स्वरूपात तिची प्रत घेण्याचा हक्कही त्यात आहे. एकदा मुद्रण केले की ते कार्यालयाचा अभिलेख होते. मागितले तर द्यावे लागते, आणि मागितल्यावर ‘हार्ड डिस्क खराब झाली’ हे कारण शोभत नाही. जागेची सबब तर चालतच नाही. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने स्पष्ट चित्र मुद्रित केले तर तासाला १.८ जीबी लागतात. सहा तासांची सभा धरली तरी ११ जीबीच्या आत, आणि अशा चोवीस सभा २६० जीबीत मावतात. प्रश्न जागेचा नसून नियमाचा आहे: मुद्रण किती वर्षे ठेवायचे, मूळ प्रत कोणाच्या ताब्यात, दुसरी प्रत कोणत्या इमारतीत, आणि इतिवृत्त व मुद्रण यांत फरक निघाला तर कशाला प्रमाण मानायचे. हे सभेच्या ठरावाने आधीच ठरवलेले बरे. भाऊसाहेबांचा यात एक व्यवहारी आग्रह असतो आणि तो मान्य करण्याजोगा आहे: प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र मार्गावर मुद्रित व्हावा. चार जण एकदम बोलले तरी कोण काय म्हणाले हे नंतर वेगळे काढता येते, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याची रात्र वाचते.

२०२० मध्ये कोरोनामुळे राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सभा दूरदृश्य प्रणालीने घ्याव्या लागल्या, आणि आवाज बंद केल्याच्या तक्रारी घरोघरच्या पडद्यांवरून आल्या. तेव्हापासून दुरून जोडण्याची सोय सगळीकडे मागितली जाते. सल्लागार आणि जिल्ह्याच्या बैठका यांसाठी ती उपयोगी आहेच. तिला लागणारी मुख्य गोष्ट कॅमेरा नव्हे. दुरून बोलणाऱ्याला त्याचाच आवाज परत ऐकू जाऊ नये, अशी मिक्सरची जोडणी आणि प्रतिध्वनी पुसणारी यंत्रणा आधी हवी. ती नसेल तर जोडलेला माणूस दोन वाक्यांत कंटाळून फोन करतो.

शेवटचा भाग माणसांचा आणि कागदांचा. “हे सगळं चालवणार कोण?” भाऊसाहेब विचारतात. “आपल्या आकृतिबंधात असं पद नाही. पथदिव्यांचा वायरमन येतो, तो सभेच्या दिवशीच खांबावर असतो.”

अभियंत्यांकडे याला तयार उत्तर नसते, आणि बहुतेक नगरपरिषदांकडेही नसते. म्हणून यंत्रणा निवडताना एक कसोटी लावावी लागते: रोजची सभा एका बटणावर सुरू व्हावी, मिक्सरच्या पट्ट्यांना हात न लावता. वीज गेली तर यूपीएसवर माइक आणि मुद्रण चालू राहावे. जनित्र सुरू होईपर्यंत टीव्ही बंद राहिले तरी चालेल. निविदेत किमान पाच वर्षांच्या देखभालीचा दर खरेदीच्या दरासोबतच मागवावा, म्हणजे यंत्र स्वस्त आणि दुरुस्ती महाग हा डाव साधत नाही. तपशीलसूची एखाद्या कंपनीच्या कॅटलॉगातून उतरवलेली असेल तर स्पर्धा नावापुरती उरते, मग खरेदी जेम पोर्टलवरून होवो वा निविदेने. त्याऐवजी परिणाम लिहावा: भरल्या सभागृहात, वातानुकूलन चालू असताना, प्रत्येक खुर्चीपाशी वाक्-सुबोधता निर्देशांक ०.६ किंवा अधिक. हा निर्देशांक ० ते १ असा मोजला जातो आणि मोजण्याची उपकरणे सहज मिळतात.

भाऊसाहेब ही चाचणी आपल्या पद्धतीने घ्यायला सांगतात. निर्देशांक मोजून झाल्यावर त्यांनी सज्जाच्या शेवटच्या खुर्चीत वही घेऊन बसायचे, शिपायाने व्यासपीठावरून मागच्या वर्षीच्या ठरावातले सर्व्हे नंबर आणि रकमा वाचायच्या, आणि वहीतल्या आकड्यांचा मूळ ठरावाशी मेळ बसला तरच देयकावर सही व्हायची. अभियंत्यांनी ही अट निविदेच्या स्वीकृती-कलमात दुसऱ्या क्रमांकावर घातली आहे. तिच्याखाली हस्तांतराच्या वस्तूंची यादी येते: तारांचे प्रत्यक्ष टाकलेले नकाशे, सर्व यंत्रांचे पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात, नियंत्रकाच्या मांडणीची प्रत, दोन कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पहिल्या तीन सर्वसाधारण सभांना पुरवठादाराचा माणूस हजर.